परश्याला कुठं ठाऊक असतं

यंदाच्या लगीनसराईत माझी पट्टी आणखी एका सुरानं उतरली आणि 'सैराट'मधलं 'याड लागलं' मी शिष्याकडं दिलं. सेनगाव, गोरेगाव, रिसोड या पट्ट्यात ते माझंच गाणं आहे, निदान मी तरी तसं समजायचो.

पोरगं सुरेल गातं, पण हसत गातं. म्हटलं, "अरे, जरा दुःख आण की." तर म्हणतो, "कशाचं, सर? त्याला तर आत्ताच कुठं प्रेम झालंय." २०१६ला 'सैराट' आला तेव्हा हे पहिली-दुसरीत. पुढं कधी पाहिलाच नाही.

मी पाहिलाय, तीच अडचण. नागराज मंजुळेंनी शेवट मुका ठेवला. लेकराची रक्ताळलेली पावलं, आणि संगीत नाही. तिथं न वाजलेलं सगळं माझ्या गळ्यात येऊन बसतं आणि पूर्वार्धातल्या या गाण्यात झिरपतं. ओळीचा शेवटचा स्वर सोडला की तो खाली घसरतो. खरं तर तो जागच्या जागी, सरळ सोडायचा. पुढं काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नसलेल्या परश्यानं, सिनेमातल्या त्या प्रेमात पडलेल्या पोरानं, सोडावा तसा. दम आधी घेऊन पाहिला, लय चढी ठेवून पाहिली. घसरतोच. आमच्या गळ्यांना सवयच तशी. नर्सी नामदेव इथून जवळ. नामदेवांच्या अभंगांतली विठ्ठलाची ओढ भजनात ऐकत वाढलेला माणूस प्रेम म्हटलं की आर्तच होतो.

गाण्याचे शब्द आणि चाल अजय-अतुल यांचीच, पण वाद्यवृंद वाजला लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. मराठीचा गंध नसलेल्या वादकांनी नुसतं नोटेशन वाचून जे उधाण आणलं, ते अक्षर न् अक्षर कळणाऱ्या मला जमू नये, याचा राग येतो. आणि हल्लीचे कव्हरवाले! एक गिटार घेऊन गाणं रडवायचं आणि त्याला अनप्लग्ड म्हणायचं. माझं घसरणं निदान सुरात असतं.

शिवाय त्या घसरलेल्या स्वरावर बाया पदरानं डोळे पुसतात, आणि मला ते आवडतं. शिष्याला नुसत्या शिट्ट्या पडतात.

परवा एका हळदीत त्याला वन्स मोअर मिळाला. मी माईक मागून घेतला आणि अंतरा माझ्या पद्धतीनं, सावकाश गायलो. पोरगं शेजारी उभं राहून टाळ्यांनी ठेका देत होतं, चढ्या लयीत.