पिवळा दिवा

ही पोस्ट खरं तर आमचे दादा-वहिनी वाचणार म्हणूनच लिहितोय. बाकीच्यांनी गाडीची गोष्ट समजून वाचावी.

पुतण्या जालन्यातच आमच्याकडे राहून शिकतो. त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची बीएस-सिक्स मोटारसायकल आहे. दिवाळीत साठलेल्या पैशातून त्याने बाहेरचा बेंड पाइप मागवला. बेंड पाइप म्हणजे इंजिनाच्या हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणारी वाकडी नळी. "काका, आवाज बघा कसा येतो ते!" मी आधी कायदा सांगितला. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्याने मान डोलावली. रविवारी सकाळी अंगणात पाने घेऊन बसलाच. आणि खोटं कशाला बोलू, मीही शेजारी जाऊन बसलो.

मी राजदूतवर वाढलेला माणूस. त्या काळी सायलेन्सर काजळीने भरला की सरळ जाळून काढायचा, सांध्यातून धूर आला की अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने लावायचा. हेडला पाइप बसतो तिथली गॅस्केटची रिंग जुनीच होती, दबून चपटी झालेली. तो म्हणाला, "काका, नवी आणतो." मी म्हणालो, "आज रविवार, कुठे हिंडतोस?" आणि कपाटातून लाल सिलिकॉनची ट्यूब काढून सांध्याला चांगली जाडसर थापली. आपल्याच हातांनी.

गाडी दणक्यात सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आता हा दिवा काय म्हणतो ते थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आल्यावर अशा गाड्यांत जळालेल्या धुराच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर बसला. झिर्कोनियाच्या त्या टोकाला एका बाजूने धूर लागतो, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा, आणि दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर बारीकसा व्होल्टेज तयार होतो. पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. (मोटारीत हे प्रथम १९७६ साली व्होल्वोने बसवलं, सेन्सर बॉशचा.) एका ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा, हे गणित जमवायला गाडीचा कॉम्प्युटर त्या आकड्यावर विसंबून असतो. माझ्या कानाची जागा त्याने घेतली म्हणा ना!

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी-०१३१, म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज कमी. "सेन्सर गेलाय," म्हणून नवा बसवला. साडेतीन हजार. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. पस्तीसचं अ‍ॅव्हरेज चोविसावर आलं, प्लग काळाकुट्ट, आणि गाडी उभी केली की पेट्रोलचा वास. मग मी जेवताना पोराला जे बोलायचं ते सगळं बोललो. बापाचा पैसा, मिरवण्याची हौस, अभ्यास.. वहिनींना फोन करून सांगितलं तेही मीच. तो काही बोलला नाही. ताट उचलून गेला.

शेवटी अंबड चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. गाडी थंड होऊ दिली, सांध्याला साबणाचं पाणी लावलं, सुरू केली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं दाबून धरायला सांगितलं. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो तसंच! हेडच्या सांध्याशी बुडबुडेच बुडबुडे.

तिथली उष्णता साध्या सिलिकॉनला झेपत नाही, ते जळून गेलं होतं. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती. सेन्सर प्रामाणिकपणे सांगत होता की ऑक्सिजन फार आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा वर आणखी पेट्रोल ओतत होता. सेन्सरचं ऐकून घेण्याऐवजी आम्ही त्यालाच बदललं.

मग मिस्तरींनी तो नवा सेन्सर खोलून हातात धरला. टोकावर पांढरी पूड बसलेली.

"ह्ये सिलिकॉन. त्याची वाफ बसली की सेन्सर मरतो. कोणी लावलं?"

मी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, "मीच लावलं."

मिस्तरींनी त्याला दोन वाक्यं ऐकवली. मी तिथेच उभा होतो, दोन हातांवर. परत येताना मागे बसून "मी सांगायला हवं होतं" एवढं म्हणालो, तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, तुम्हाला कशाला लोकांसमोर.." आणि गिअर टाकला.

मूळ पाइप परत चढवला, नवा माळ्यावर आहे. तिसऱ्या सेन्सरचे पैसे मी दिले, दुसऱ्याचेही देतोय, घ्यायला तयार नाही. नवी गॅस्केट ऐंशी रुपयांना मिळाली. दुकानदाराला सहज विचारलं, रविवारी उघडं असतं का?

असतं म्हणाला. दुपारी एकपर्यंत.