रिळापासून सुईपर्यंत

बचत गटाच्या कर्जातून मी जुनं काळं मशीन घेतलं. त्यावर शिवायला आलेलं पहिलं कापड शेजारच्या वहिनींचं. वीटभट्टीवरून परतताना त्यांनी ते भिवंडीतून आणलं होतं, लेकीच्या शाळेच्या फ्रॉकसाठी. जूनचा दुसरा आठवडा. मोखाड्यात पाऊस लागलेला, शाळा चार दिवसांवर. वीज सारखी जात होती, पण मशीन पायाचं, त्यामुळे मला फिकीर नव्हती.

पहिली शिलाई मारली. वरून टाके बरे दिसत होते. कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं नुसतं गुंतवळ. उसवलं, पुन्हा मारलं, पुन्हा तेच. गुंता खाली, म्हणजे दोष खालच्या दोऱ्याचा, असं मी ठरवूनच टाकलं. बॉबिन तीनदा भरलं. बॉबिनच्या डबीचा स्क्रू आधी आवळला, मग सैल केला. सुईही बदलून पाहिली. उसवून उसवून कापडाला भोकं दिसायला लागली तेव्हा पोटात गोळा आला. ते कापड भट्टीच्या मजुरीतलं होतं.

तिसऱ्या दिवशी डबी रुमालात बांधली आणि एसटीने जव्हार गाठलं. बाजारात एक म्हातारे शिंपीकाका बसायचे.

"काका, डबी बिघडली."

त्यांनी स्वतःच्या मशीनमधली डबी काढून माझी बसवली, चिंधीवर वीतभर शिलाई मारली आणि चिंधी माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंनी टाका एकसारखा.

"डबी चांगली आहे. दोरा कसा घालतेस ते दाखव," म्हणत त्यांनी आपल्या मशीनचा दोरा सर्रकन ओढून काढला.

तिथं मी अडकले. शिवणवर्गात एका मशीनवर आम्ही चौघी होतो. रीळ संपलं की जुन्या दोऱ्याला नव्याची गाठ मारायची आणि सुईपर्यंत ओढून घ्यायचा. वेळ वाचायचा. तिथं मी ब्लाऊज शिकले, परकर शिकले; रिकाम्या मशीनमध्ये दोरा मात्र एकदाही ओवला नव्हता. घरीसुद्धा आठवेल तसाच घातला होता. तसाच इथं घालू लागले.

"पाय खाली ठेवूनच?" काका म्हणाले.

कापड दाबणारा पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात. दोरा त्यांच्यामध्ये शिरत नाही, कडेवरूनच निघून जातो. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली पेटंट घेतलं ते टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याचं, हे मी पुढे वाचलं. ही सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथं तो बॉबिनच्या डबीला वळसा घालतो आणि वरखाली होणारा दांडा त्याला परत वर खेचतो. दोऱ्याला ताण नसला की हा फास नीट ओढला जात नाही, खालीच लोंबतो. चूक वरची, दिसते खाली.

काकांनी माझ्याकडून पाच वेळा ओवून घेतलं. पाय वर. चाक फिरवून दांडाही सगळ्यात वर. रिळावरून दोरा वरच्या कडीत, तिथून चकत्यांच्या मधोमध, मग बारीक स्प्रिंगमध्ये, तिथून दांड्याच्या भोकात, खालच्या कड्यांत आणि शेवटी सुईत. सुईला ज्या बाजूला लांब खाच असते, त्या बाजूने नेढ्यात. मग परीक्षा: पाय खाली करून दोरा ओढायचा, तो अडला पाहिजे. पाय उचलला की सैल सुटला पाहिजे. माझ्या घरच्या मशीनवर तो कधीच अडला नव्हता आणि मी कधी ओढूनही पाहिला नव्हता.

काकांनी पैसे घेतले नाहीत. शाळा उघडायच्या आदल्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, फ्रॉक पुरा झाला. भोकं पडलेला भाग खिशाखाली दडवला आणि वहिनींना तसं सांगितलं. शिलाई अर्थातच घेतली नाही.

आता खोडाळ्याकडच्या पाड्यांवर मी बायकांना शिवण शिकवते. पहिल्या दिवशी कापडाला हात लावू देत नाही. मशीनमधला सगळा दोरा काढून टाकते आणि प्रत्येकीला रिळापासून सुरुवात करायला लावते. वेळ जातो, कुरकुरही होते. पण गाठ मारून दोरा ओढायला माझ्या वर्गात बंदी आहे.