खिशातली सापसुरळी

‘ट्रिनिटी’ पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा शेजारी वही होती. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. राक्षसी भूछत्रं : अणुस्फोटाचे ढग. सूर्यघड्याळ : काळ. छत्री : ‘मेरी पॉपिन्स’, कारण मुठीला पोपटाचं डोकं. आठवड्याभरात चार पानं भरली. उत्तरं बहुतेक बरोबर होती, पण ती वाचून खेळ कसा आहे हे कुणालाही कळलं नसतं.

ब्रायन मोरिआर्टीचा हा टेक्स्ट ॲडव्हेंचर इन्फोकॉम कंपनीने १९८६ साली काढला. त्यात चित्र एकही नाही. पडद्यावर मजकूर येतो, आपण हुकूम टाइप करतो, पुढचा मजकूर येतो. सुरुवात लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये होते. महायुद्धाचा भडका उडतो, क्षेपणास्त्र येतं आणि ऐन स्फोटाच्या क्षणी एका पांढऱ्या दारातून आपण भलत्याच प्रदेशात शिरतो. तिथे झाडांएवढी भूछत्रं, त्यांच्या देठांना दारं. अवाढव्य सूर्यघड्याळाची सावली पडेल ते दार उघडतं आणि आत एकेक अणुस्फोट वाट बघत असतो : नागासाकी, सायबेरिया, नेव्हाडातलं भुयार, आणि शेवटी न्यू मेक्सिकोचं वाळवंट, १६ जुलै १९४५ची पहाट.

भूछत्र आणि छत्री हे शब्द मराठीत एकाच घरातले. लंडनच्या बागेत एका वृद्ध जपानी बाईची छत्री वाऱ्याने उडून झाडात अडकते. तीच छत्री आपण पुढे नागासाकीत एका लहान मुलीला देतो. मराठी वाचकाला इथे केवढा साक्षात्कार! मलाही झाला होता, वहीत अर्धं पान खर्ची पडलं. मोरिआर्टीच्या स्वप्नातही हे नसणार. असे योगायोग मी अजून टिपून ठेवतो, फक्त त्यांना अर्थ म्हणत नाही.

मी स्वतः फावल्या वेळात ‘इन्फॉर्म’ या खेळ लिहिण्याच्या भाषेत असेच छोटे खेळ लिहितो. लिहायला लागल्यावर वहीतला दोष दिसला. मी नामांचे अर्थ लावत होतो आणि खेळ चालतो क्रियापदांवर. सूर्यघड्याळाचा शंकूच घ्या. तो मोठ्या घड्याळात बसत नाही, कारण त्याचे आटे उलटे आहेत. तो घेऊन क्लाइन बाटलीसारख्या वळलेल्या एका मांडवातून चालत गेलं की जग आरशातल्यासारखं होतं, डाव्याचं उजवं. मग शंकू बसतो. ‘विज्ञानाने जग उलटं केलं’ असं वहीत लिहायला एक ओळ पुरते. पण मांडवातून मी स्वतः चाललो होतो, आटे मी फिरवून पाहिले होते. इन्फोकॉम तर खोक्यातच पुठ्ठ्याचं सूर्यघड्याळ आणि कागदी क्रौंच पक्षी घडवण्याची कृती घालून द्यायची. म्हणजे पडद्याबाहेरही हात कामाला लावलेले.

आणि ती सापसुरळी. भुयारात सापडते, खिशात घालून आणता येते. पुढे एका काढ्याला ती लागते, तीही नुकती मारलेली. सापळा नाही, दगड नाही, काम दुसऱ्यावर ढकलायची सोय नाही. तुमच्या हातात ती आहे आणि पडद्यावर चौकट लुकलुकते आहे. इंग्रजीत दोनच शब्द टाइप करायचे. मला दहा मिनिटं लागली. लाखो माणसं मारणाऱ्या शोधाची गोष्ट चाललेली, आणि मी अडलो होतो बोटभर प्राण्यापाशी. त्या अडण्याला उजव्या रकान्यात काय लिहिणार?

या प्रसंगाचं मराठी करून पाहिलं तेव्हा व्याकरणानेच हात धरला. इंग्रजी हुकुमात मारणं आधी येतं, प्राणी नंतर. मराठीत ‘सापसुरळीला’ हे सगळं लिहून झाल्यावर ‘मार’ लिहायचं, म्हणजे तेवढ्या अक्षरांपुरती थांबायला जागा. खेळाडू पुरुष की बाई हा प्रश्नही मराठीत पावलोपावली आडवा येतो. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवल्याशिवाय दार उघडत नाही. पण ‘तू सापसुरळी मारलीस’ या वाक्यात तो प्रश्न गळूनच पडतो. मारणारा कोण, पुरुष की बाई, याचा क्रियापदाला पत्ता नाही. क्रियापद चालतं मेलेल्या प्राण्याच्या लिंगाने. मोरिआर्टीला इंग्रजीत हे करता आलं नसतं, आणि मला मराठीत टाळता येत नाही.

गेल्या मे महिन्यात भाची आली होती, आठवीतली. मी शेजारी बसून मजकूर मराठीत सांगत होतो, ती हुकूम देत होती. वही मुद्दाम कपाटात ठेवली होती. भूछत्रांचा अर्थ तिने विचारला नाही. पहिल्याच दारातून परतल्यावर “अच्छा” एवढंच म्हणाली. काढ्यापाशी आलो तेव्हा तिने कीबोर्डवरून हात काढले.

“मामा, दुसरं काही टाकता येत नाही का?”

“पुढे जायचं तर नाही.”

बराच वेळ तिने पडद्याकडे पाहिलं. मग खेळ सेव्ह केला आणि जेवायला उठली. नंतर त्या सुट्टीत तिने तो काढलाच नाही. ती फाईल माझ्या लॅपटॉपवर अजून आहे. तिच्या नावाने, आणि सापसुरळी खिशात.