आकडा झोपला

परवा जुनी हार्डडिस्क आवरताना २००७ सालची एक फाईल सापडली. नाव: 'नोन इश्यूज ॲण्ड वर्कअराऊंड्स'. लेखक: अस्मादिक. उघडली, वाचली आणि कानशिलं गरम झाली.

तेव्हा नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. कंपनीने पुण्याहून उचलून चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या एका कारखान्यात टाकलं. काम सोपं. नदीवरचं पंपहाऊस कंट्रोल रूमपासून ९०० मीटर लांब. तिथल्या विहिरीची पाण्याची पातळी केबलवरून आणायची आणि पडद्यावर दाखवायची. पंपहाऊसमध्ये आरटीयूचा डबा, त्यातून आरएस-४८५ च्या दोन तारा, त्यावर मॉडबस, आणि कंट्रोल रूममध्ये एक गेटवे मॉड्यूल जे हे सगळं प्रोफिबसमध्ये भाषांतर करून पीएलसीला सांगणार. हे झालं की पंपहाऊसवर माणूस बसवायची गरज नाही. प्रस्तावात हाच फायदा ठळक अक्षरात होता.

मॉडबस हा १९७९ चा म्हातारा. भयंकर शिस्तीचा. स्लेव्हने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मॅन्युअलमधला ४०००१ म्हणजे तारेवरचा पत्ता शून्य, यात माझे दोन दिवस गेले (प्रत्येकाचे जातात, लाजू नका). टर्मिनेशनचे रेझिस्टर दोन टोकांना हवेत, ते कुणीतरी मधल्या जंक्शन बॉक्समध्येही लावून ठेवले होते, त्यात आणखी एक दिवस. असो.

खरी गंमत मे महिन्यात सुरू झाली. चंद्रपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू! ४५-४६ अंश म्हणजे तिथे नेहमीचंच. आरटीयू ५५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं, पण ते डब्याच्या आतलं तापमान. पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या बंद लोखंडी पॅनेलमध्ये दुपारी तीनला काय होत असेल? आरटीयू मुकाट्याने हँग व्हायचा.

हँग झाला तर झाला, अलार्म यायला हवा ना? इथेच मेख होती. मॉडबसमध्ये सीआरसी असतो, त्यामुळे बिघडलेला आकडा सहसा आत शिरत नाही. पण स्लेव्हने उत्तरच दिलं नाही तर पुढे काय दाखवायचं, हे गेटवेवर अवलंबून. आमचा गेटवे शेवटचा आकडा धरून बसायचा. लिंक तुटल्याचा स्टेटस बिट होता, पण तो सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावा लागायचा. पीएलसीच्या दृष्टीने प्रोफिबस ठणठणीत. पडद्यावर ६८ टक्के. रात्रभर ६८ टक्के.

हे पकडलं मामांनी. मामा म्हणजे पंपहाऊसवरचे जुने ऑपरेटर. माझ्या सिस्टिममुळे ते आता कंट्रोल रूममध्ये हेल्पर झाले होते. म्हणाले, "पंप सुरू हाय, पाणी उपसून राहिलं, अन् तुमचा आकडा हलतच नाही जी साहेब. झोपला वाटते."

मी एसीत बसून वर्कअराऊंड लिहिला. तोच या फाईलमध्ये आहे: 'दर पाळीत एकदा पंपहाऊसवर जाऊन पातळी प्रत्यक्ष पाहावी व आरटीयू बंद करून चालू करावा.' एक ओळ. कोणी जावं, ते लिहिलेलं नाही. जायचे अर्थातच मामा. झुडपी जंगलातून जाणारी कच्ची वाट, हातात बॅटरी आणि काठी.

एका रात्री दोनला गेलेले मामा साडेतीनला परतले. नाल्यावरच्या रपट्यावर वाघ बसला होता. मामा बॅटरी बंद करून उभे राहिले, तो उठून जाईपर्यंत. परत आल्यावर पाणी प्यायले आणि मला आधी पातळी सांगितली. "चाळीस हाय जी." पडद्यावर ६८ च होते.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बसून जे केलं ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं, हे सगळ्यात लाजिरवाणं. आरटीयूमध्ये दर सेकंदाला एकने वाढणारा काऊंटर टाकला. पीएलसीने तो बघत राहायचं; दहा सेकंद हलला नाही तर पातळीवर विश्वास ठेवायचा नाही, अलार्म द्यायचा आणि पंप थांबवायचा. पंपहाऊसच्या पॅनेलमध्ये एक टायमर रिले लावला: कंट्रोल रूमकडून विचारणा यायची थांबली किंवा आरटीयू गप्प झाला की तो पाच सेकंद वीज तोडून पुन्हा देणार. आणि पॅनेलवर सावलीला मामांनी गावातल्या बुरडाकडून बांबूचा तट्टा आणून बांधला. माझ्या मते तिन्हींत सगळ्यात जास्त काम त्या तट्ट्यानेच केलं. त्यानंतर जूनपर्यंत आरटीयू दोनदाच हँग झाला, दोन्ही वेळा आपला आपण उठला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात कामावरून घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारलं. बातमी वाचली आणि मामांना फोन लावला. निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. मी विचारलं, रात्री कोणी जातं का हो अजून तिकडे? म्हणाले, नाही, मी सुटेपर्यंत तरी तुमचा तो आकडा पळतच होता. नवीन पोरं विचारायची, हा कशाचा म्हणून.

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सांगो ना, पासष्ट हजारावर गेला की परत शून्यावर येते. अठरा तास लागते त्याले. मोजलं हाय मी."