सरावाचे शिवार

धाकटा भाऊ फौजेत गेला तेव्हा जानेफळात आम्ही घरोघर पेढे वाटले. त्याच्या कसम परेडसाठी आईला घेऊन मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेलो. रणगाड्यांच्या फौजेचे केंद्र १९४८ पासून तिथे आहे. पोराला वर्दीत पाहून आईने डोळ्यांना पदर लावला.

परतताना एस.टी. थांब्यावर खारेकर्जुन्याकडचे एक म्हातारे शेतकरी शेजारी बसले. आम्ही पोराचे कौतुक सांगितले. ते म्हणाले, "मावशी, तुमचा पोरगा नेम शिकला तो आमच्या शिवारापाशी."

नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांत के. के. रेंज पसरली आहे. १९३८ च्या कायद्याप्रमाणे सरावापुरते लोकांना हटवता येते आणि नुकसानीची भरपाई द्यावी लागते. सातबारा आपल्याच नावावर राहतो. पण म्हातारबांचा प्रश्न वेगळा होता : विहीर खणावी की नको? न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना माणसे गेली, तेही त्यांनी सांगितले. २०२० मध्ये जमिनी कायमच्या जाणार अशी बोलवा उठली, तेव्हा गावकऱ्यांचे गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत गेले.

फौजेला सरावावाचून लढता येत नाही, हे मला कळते. घरातलाच जवान आहे. तरी इंग्लंडातल्या इंबर गावाची हकीकत वाचून झोप लागली नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात अमेरिकन फौजेच्या सरावासाठी गावाला ४७ दिवसांत घरे सोडायला सांगितले. लढाई संपली की परत येऊ, असे लोक धरून चालले होते. पण बहुतेक जमीन लष्करी खात्याने आधीच विकत घेतलेली, शेतकरी नुसते कूळ! परत मागायला कागदच नव्हता. आज वर्षातून मोजके दिवस तिथले देऊळ, म्हणजे चर्च, उघडते.

उलट झारखंडात नेतरहाटला लोकांनी १९९४ मध्ये फौजेच्या गाड्या अडवल्या. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने मुदत वाढवायची नाही असे ठरवले.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा मी विचारले, "नेम धरताना समोर काय दिसायचे रे?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "निशाण," म्हणाला, "आणि लांब डोंगराखाली कुणाची तरी बाजरी."

आई म्हणाली, "आधी जेवा."