पांढरी मुळी

परवाच निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून परत आलो. पावसाळ्याचे दोन महिने तिथे पुतण्याकडे राहिलो. घरच्यांना वाटलं, अण्णा हवापालटाला गेले. खरं सांगायचं तर मी रोज सकाळी चहा झाला की शेतातल्या एका खड्ड्यात डोकावत होतो!

झालं असं की, बाळूच्या पाऊण एकर द्राक्षबागेची पानं गेल्या वर्षापासून पिवळी पडत होती. दुकानदार म्हणाला, डोस वाढवा. बाळूने खत वाढवलं, पाणीही वाढवलं. कर्ज तर वाढलंच. आता बाग ठेवावी की काढून टाकावी, यावर घरात कुणी धड बोलेना. शेवटी एका जाणत्या शेतकऱ्याने विचारलं, "पानं कसली बघतोस? बोद उकरून पांढरी मुळी पाहिलीस का?"

ड्रिपरखालची माती खुरप्याने बाजूला केली. मुळ्या तपकिरी निघाल्या. चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली. जमीन काळी, पाणी साचलेलं. मुळांना हवाच नव्हती. बाळूने त्याच दिवशी पाणी तोडलं, चर काढले, शेणखत घातलं. मग वाट पाहणं सुरू.

मी मराठीचा बी. ए., पण लहान वर्गांचं विज्ञानही माझ्याकडे असे. बत्तीस वर्षं फळ्यावर झाड काढलं, आणि खाली तेवढंच उलटं झाड काढून त्याला मुळं म्हटलं. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणाऱ्या बारीक मुळ्या बऱ्याचशा वरच्या दोनेक फुटांत, आडव्या पसरतात. हे सत्तरी उलटल्यावर खड्ड्यात उतरून कळलं.

मला धीर निघेना. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप खुरपं घेऊन गेलो आणि उकरलं. एक पांढरी मुळी दिसली, आणि माझ्याच खुरप्याने तुटली. बाळू मागे उभा होता. म्हणाला, "अण्णा, रोज उकरू नका. तुटते ती."

मग पुस्तकं काढली. अमेरिकेत नेब्रास्काला जॉन वीव्हर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते पिकाशेजारी खोल चर खणून एकेक मूळ अणकुचीदार हत्याराने मोकळं करत आणि चौकटीच्या कागदावर मापाने उतरवत. शेतातल्या पिकांच्या मुळांवरचं त्यांचं पुस्तक १९२६ सालचं. दुसरी रीत म्हणजे नळीने मातीचा गाभा काढायचा, चाळणीवर धुवायचा आणि मुळ्या मोजायच्या. दोन्हींत चित्र नेमकं मिळतं, पण एकदाच. तीच मुळी उद्या किती वाढली ते कळत नाही. त्यासाठी काच हवी. इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंगला १९६० च्या दशकात फळझाडांखाली काचेच्या खिडक्यांचं तळघरच केलं होतं. हल्ली पारदर्शक नळी तिरकी पुरून आत कॅमेरा सोडतात.

आमच्याकडे कॅमेरा कुठला! जुन्या घराच्या खिडकीचं तावदान होतं. वेलीपासून दीड फुटावर खड्डा केला आणि काच वेलीच्या बाजूला मातीला टेकवून बसवली. तीही किंचित तिरकी, म्हणजे खाली जाणारी मुळी काचेला येऊन भिडते. फट चाळलेल्या मातीने भरली. मुळांना उजेड चालत नाही, काचेवर शेवाळंही धरतं, म्हणून वर काळं कापड आणि पत्रा. काचेवर पारदर्शक प्लॅस्टिक लावून दर आठवड्याला वेगळ्या रंगाच्या पेनाने मुळी गिरवायची. काचेलगतची वाढ अगदी आतल्यासारखी नसते, पण मुळी जिवंत आहे की नाही एवढं कळतं.

अठरा दिवस काही नाही. पत्रा उचलायचा, पाहायचं, झाकायचं. त्या दिवसांत मला बाळूचं दहावीचं वर्ष आठवत राहिलं. गणितात नापास झाला होता. मी रोज संध्याकाळी त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारत असे, "आज काय आलं?" वर्षभर. पुढे त्याने माझ्यासमोर वही उघडणंच बंद केलं. मी ते त्याच्या आळसावर लोटलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी काचेच्या कोपऱ्यात दोऱ्याएवढं पांढरं टोक दिसलं. बाळूला हाक मारली. आम्ही दोघं ओणवे होऊन बघत राहिलो. मी म्हटलं, "बाळू, दहावीच्या वेळी मी तुला फार उकरलं रे." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अण्णा, पत्रा झाका. उजेड लागतोय तिला."

निघेपर्यंत काचेवर पाच मुळ्या होत्या. तीन हिरव्या रेघेच्या, दोन लाल. बाग या वर्षी ठेवली आहे. छाटणीनंतर काय होतं ते पाहायचं. पेनं बाळूकडे देऊन आलोय. फोन करावासा रोज वाटतो, पण रविवारीच करतो.

असो.