वीस की तीस

मला कमी ऐकू येतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, तेव्हा मी दलालाशी भांडत होतो की तो फोनवर नीट बोलत नाही.

इचलकरंजीत आमचे साधे माग होते, धोट्याचे. एका सौद्यात बाण्याला तीस नंबरचं सूत लावायचं ठरलं होतं. दलालानं फोनवर सांगितलं ‘तीस’, मी ऐकलं ‘वीस’. त्यानं खात्रीसाठी पुन्हा विचारलं असणार, कारण सूर प्रश्नाचा होता. मी म्हटलं, “हो, हो.” वीस नंबरचं सूत तीसपेक्षा जाड. कापड उतरलं ते वजनाला भारी आणि हाताला खरबरीत. व्यापाऱ्यानं तागे परत पाठवले. मिळेल त्या भावानं ते विकले, आणि नुकसानीचं खापर दलालावर फोडून वर्षानुवर्षांचा संबंध तोडला. पुढं खरं काय ते कळल्यावर त्याच्या पेढीवर जाऊन तसं सांगितलं. त्यानं चहा पाजला. सौदा काही दिला नाही.

बहिऱ्या माणसाला शांतता ऐकू येते अशी माझी समजूत होती. मला तर सगळं ऐकू येत होतं. फक्त लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. बायको, सून, बँकेतला कारकून, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुली, सगळे एकदमच बिघडले होते. ‘तीस’मधला ‘ई’ खालच्या पट्टीचा, भरदार. तो मला नीट पोचायचा. ‘त’ आणि ‘स’ हे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज, आणि मागाच्या खडखडाटात कानाचा तोच भाग आधी जातो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते मी स्वतःच्या अंदाजानं भरून घ्यायचो. अंदाज चुकला की समोरचा चुकला.

‘हो’ म्हणायचंही एक तंत्र असतं. समोरच्याचा सूर खाली आला की मान हलवायची, तो हसला की हसायचं. यात मी तरबेज झालो होतो. मुलगी पुण्याहून फोन करायची. एकदा ती बराच वेळ बोलली, मग थांबली. मी म्हटलं, “वा, छान झालं.” तिची नोकरी गेली होती. नंतर तिचे फोन आईला येऊ लागले, आणि मला घरातल्या बातम्या जेवताना, उरलेल्या भाजीसारख्या मिळू लागल्या. माझी तक्रार अशी, की या घरात मला कुणी काही सांगत नाही.

जाहिरात बघून कानाचं एक स्वस्त मशीन मागवलं होतं. ते सगळंच मोठं करायचं. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज आणि वर स्वतःची शिट्टी. ते कपाटात गेलं, आणि ‘मशीनचा काही उपयोग नसतो’ हे मी पुढं कित्येकांना अधिकारानं सांगितलं. त्यांतल्या काहींनी माझं ऐकलं, ही त्यातली वाईट गोष्ट.

शेवटी बायकोनं कानाच्या तपासणीला नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीक ‘पीं’ आलं की बटण दाबायचं. परीक्षेत नापास व्हायचं नाही, एवढं मी ठरवून गेलो होतो. ऐकू येवो न येवो, ठरावीक वेळानं बटण दाबत राहिलो. तपासणाऱ्या बाई शेवटी दार उघडून म्हणाल्या, “काका, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं.”

पुन्हा तपासणी झाली. वयानं ऐकू कमी येतं तेव्हा कागदावरची रेघ वरच्या पट्टीकडे उतरत जाते. आवाजानं कान गेला असेल तर चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. माझ्या रेघेत खड्डा होता आणि वयाचा उतारही. “मागावर होता का?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, “मालक होतो.” त्या म्हणाल्या, “कानाला ते कळत नाही.” आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

नवं मशीन कानात बसलं, तरी शहाणपण लगेच आलं नाही. रोज घाला, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, असं सांगितलेलं असताना मी ते ठेवणीतल्या कोटासारखं जपलं आणि पहिल्यांदा घातलं ते थेट लग्नाला, बँडसमोर. कानाच्या दृष्टीनं याहून वाईट जागा नसावी. पावसाळ्यात दमट हवेनं ते बंद पडलं, तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं.

पण पेशी मेल्या त्या फक्त माझ्या नव्हेत. कारखाना कायद्यात आवाजानं येणारं बहिरेपण सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होतं. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा होती. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडायची, आणि डेसिबलमध्ये तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये मोजायला कुणी आलं नाही. मीही कुणाला बोलवायला गेलो नाही. एक पोरगा कानात सुताचे बोळे घालून कामाला यायचा. मी सगळ्यांसमोर ते काढायला लावले; म्हटलं, माग बिघडला तर तुला ऐकू कसं येणार? बोळ्यांनी फारसा आवाज अडत नाही, पण त्रास कशाचा आहे हे त्याला तरी कळलं होतं. कानाची बुचं तेव्हाही मिळत होती, महागही नव्हती. मी सुताला खळ लावायच्या, म्हणजे सायझिंगच्या, बिलात दिवसभर डोकं घालायचो, बुचांची किंमत कधी विचारली नाही.

माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरना सगळे मामा म्हणायचे. मागाच्या चौकटीवर हात ठेवून कुठला भाग ढिला आहे ते सांगायचे. आम्ही त्याला कसब म्हणायचो. त्यांना ऐकूच येत नव्हतं, म्हणून हात लावत होते. पाठीमागून हाक मारून, ते वळले नाहीत की हसणाऱ्यांत मीही होतो.

मशीनचा खर्च मी करतो, असं सांगायला मागच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो. दोघं ओट्यावर बसलो. मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. ती मान मी ओळखतो. मग त्यांनी माझा खांदा धरून मला स्वतःकडे वळवलं.

“मालक, मशीनचं नंतर बघू,” ते म्हणाले. “आधी तोंड इकडं करून बोला. शेडमध्ये ओठ बघूनच सगळं चालायचं. तुम्ही कधी शिकला नाही, कारण तुम्ही ऑफिसात बसायचा.”

सध्या मी त्यांच्याकडे शिकायला जातो. तपासणीला यायला ते अजून तयार नाहीत. माझे ओठ मिशीमुळं वाचता येत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे, आणि बायकोचा त्यांना पाठिंबा आहे.